एफ-११७ : रडारला चकवणारे विमान

अमेरिकेच्या लॉकहीड कंपनीचे एफ-११७ हे विमान जून १९८१ मध्ये पहिल्यांदा उडाले. रडारलहरी भलतीकडे वळाव्यात म्हणून त्याचे अंग सपाट, तिरप्या पृष्ठांचे घडवले होते. त्यामुळे ते इतके अस्थिर झाले की संगणकाशिवाय आवरतच नसे. नाव लढाऊ, पण त्यात ना रडार होते ना हवेतल्या लढाईची शस्त्रे. तोवर गुप्त ठेवलेले त्याचे अस्तित्व सरकारने १९८८ मध्ये मान्य केले. देखभाल तर फारच जिकिरीची. दुरुस्तीसाठी झाकण उघडले, की सांध्यावरचा रडारशोषक लेप पुन्हा काळजीपूर्वक बसवावा लागे. १९९१ मध्ये बगदादवरील हल्ल्यांत ते अजिंक्य वाटले. २७ मार्च १९९९ रोजी मात्र सर्बियात जुन्या सोव्हिएत बनावटीच्या क्षेपणास्त्राने त्यातले एक पाडले, वैमानिक वाचला. २००८ मध्ये ही विमाने अधिकृतपणे निवृत्त झाली.