शाळेची मिरवणूक : इंडियानांतील दोन विजयोत्सव

शाळेचा उत्सव ही वरवर पाहतां किरकोळ गोष्ट दिसते. पताका, बँड, आरोळ्या आणि मुलांचा आरडाओरडा यांपलीकडे इतिहासकारानें लक्ष द्यावें असें त्यांत काय आहे, असा प्रश्न कोणाहि सुबुद्ध वाचकाच्या मनांत येईल. परंतु एखादा समाज आपल्या मुलांचा गौरव कसा करतो, कोठें करतो, आणि कोणत्या मुलांच्या बाबतींत हात आंखडतो, यावरून त्याच्या मनाची जी ओळख पटते ती पुष्कळदां त्याच्या कायद्याच्या पुस्तकांवरून पटत नाहीं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं इंडियाना या संस्थानांत १९५४ व १९५५ सालीं, लागोपाठच्या दोन मार्च महिन्यांत, हायस्कुलांचे जे दोन विजयोत्सव झाले ते या दृष्टीनें शेजारीं ठेवून पाहण्यासारखे आहेत.

प्रथम या उत्सवांची पार्श्वभूमि ध्यानीं घेतली पाहिजे. १८९० सालीं अमेरिकेंतील चौदा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींपैकीं शेंकडा सुमारें ७ हायस्कुलांत जात. १९४० सालीं हेंच प्रमाण शेंकडा ७० च्या वर गेलें. पन्नास वर्षांत शेतकऱ्याचा मुलगा, वकिलाचा मुलगा आणि कारखान्यांतील मजुराची मुलगी हीं एका छपराखालीं आलीं. त्यांना बांधून ठेवणारें समान असें फारसें कांहीं नव्हतें. तें निर्माण करावें लागलें. शाळेचे रंग ठरले, शाळेच्या संघाला एखाद्या हिंस्र पशूचें नांव मिळालें, सामन्यापूर्वीं सर्व विद्यार्थ्यांना एकत्र जमवून आरोळ्यांची तालीम देणाऱ्या सभा भरूं लागल्या, आणि त्या आरोळ्यांचें पुढारपण करणारीं मुलें निवडलीं जाऊं लागलीं. या सर्वांच्या मुळाशीं असलेल्या भावनेला तिकडे 'स्कूल स्पिरिट' म्हणतात. आपण तिला शालाभिमान म्हणूं.

इंडियानांत हा शालाभिमान बास्केटबॉलच्या आश्रयानें वाढला. जेम्स नेस्मिथ यानें हा खेळ डिसेंबर १८९१ मध्यें मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील स्प्रिंगफील्ड येथें काढला. त्याला पांच खेळाडू आणि एक दालन एवढें पुरतें. म्हणून ज्या खेडेगांवच्या शाळेला फुटबॉलचे अकरा गडी उभे करतां येत नसत तिलाहि हा खेळ परवडे. १९११ सालीं संस्थानांतील हायस्कुलांची स्पर्धा सुरू झाली, आणि १९९७ पर्यंत लहानमोठ्या सर्व शाळा एकाच स्पर्धेंत उतरत. दीडशें विद्यार्थ्यांच्या शाळेनें दीड हजारांच्या शाळेस हरविणें अशक्य नव्हतें, आणि या आशेवर प्रत्येक गांव हिंवाळा काढीत असे.

रॉबर्ट व हेलन लिंड या समाजशास्त्रज्ञ दांपत्यानें १९२४-२५ सालीं या संस्थानांतील मन्सी शहराचा अभ्यास केला, आणि १९२९ मध्यें तो 'मिडलटाउन' या नांवानें प्रसिद्ध झाला. त्यांत हायस्कुलाच्या सामन्यांस लोटणाऱ्या गर्दीचें वर्णन आहे. पेढीचा मालक आणि यंत्रावरचा कारागीर, रोमन कॅथॉलिक आणि त्याचा द्वेष करणारा कू क्लक्स क्लॅनचा सभासद, हे सारे तेथें एका सुरांत ओरडत, असें लिंड सांगतात. दुभंगलेल्या शहराला मुलांचा खेळ एक करीत होता, हें खरें. पण या एकत्वाला एक कुंपण होतें, आणि तें कोठें घातलें होतें हें पाहण्यासाठीं राजधानी इंडियानापोलिस येथें गेलें पाहिजे.

त्या शहरांतील कृष्णवर्णी मुलें तोंवर इतर मुलांच्याच हायस्कुलांत शिकत असत. १९२२ सालीं शहराच्या शिक्षणमंडळानें त्यांच्यासाठीं निराळें हायस्कूल बांधण्याचें ठरविलें. तो क्लॅनच्या जोराचा काळ होता; १९२४ च्या निवडणुकींत त्याच्या पाठिंब्याचा उमेदवार या संस्थानाचा गव्हर्नर झाला. १९२७ सालीं शाळा उघडली. तिला टॉमस जेफर्सनचें नांव द्यावयाचें घाटत होतें. परंतु गुलाम बाळगणाऱ्याचें नांव आपल्या मुलांच्या शाळेस नको, असा अर्ज कृष्णवर्णी नागरिकांनीं केला. तेव्हां ५ मार्च १७७० रोजीं बोस्टन येथें इंग्रज शिपायांच्या गोळीबारांत पडलेल्या क्रिस्पस अ‍ॅटक्सचें नांव तिला मिळालें. विश्वविद्यालयांचे दरवाजे ज्यांना वर्णामुळें बंद होते असे उच्च पदवीधर तेथें शिक्षक झाले. अपमान म्हणून दिलेली शाळा अशा रीतीनें अभिमानाचें स्थान झाली.

पण संस्थानच्या स्पर्धेंत तिला प्रवेश नव्हता. ही शाळा सर्व विद्यार्थ्यांस खुली नाहीं, सबब ती सार्वजनिक नव्हे, असें हायस्कुलांच्या क्रीडासंघटनेचें म्हणणें. ज्या भेदानें शाळा जन्मास आली त्याच भेदाचा दोष तिच्या माथीं मारण्याचा हा प्रकार होता. हा नियम कॅथॉलिक शाळांनाहि बाधत असे. १९४२ सालीं तो सुटला. तरी शाळेचें क्रीडागृह इतकें लहान कीं स्वतःच्या अंगणांत सामना भरविणें तिला कठीण जाई. अ‍ॅटक्सचीं मुलें दुसऱ्यांच्या दारांत खेळलीं, आणि त्यांचे विद्यार्थी व पालक हिरव्या-सोनेरी रंगाच्या पताका घेऊन त्यांच्या मागोमाग गेले. विजय हातीं आल्याची खात्री झाली म्हणजे हे प्रेक्षक आपलें एक खास गाणें सुरू करीत; तें ऐकूं आलें कीं प्रतिपक्षानें काय तें समजावें.

१९५४ सालच्या स्पर्धेंत माइलन नांवाच्या खेड्यानें सर्वांस चकित केलें. गांवची वस्ती सुमारें ११००, हायस्कुलांत विद्यार्थी १६१. अंतिम फेरीच्या वाटेवर माइलननें अ‍ॅटक्सचा ६५-५२ असा पराभव केला. पराभूत संघांत पंधरा वर्षांचा ऑस्कर रॉबर्टसन होता. २० मार्च रोजीं बटलर विद्यापीठाच्या क्रीडागृहांत माइलनची गांठ मन्सीशीं पडली. शेवटच्या क्षणीं बॉबी प्लंपनें चेंडू जाळींत टाकला, आणि ३२-३० अशा गुणांनीं खेडें जिंकलें. दुसऱ्या दिवशीं संघ घरीं निघाला तेव्हां वाटेवरचीं गांवें रस्त्यावर आलीं. माइलनमध्यें त्या दिवशीं ४०,००० माणसें जमलीं, असा अंदाज दिला जातो. इतक्या लहान गांवांत इतका जमाव लोटला, पण मिरवणूक दुसरीकडे न्यावी असें कोणाच्याहि मनांत आलें नाहीं.

पुढच्या वर्षीं रे क्रो यांच्या शिक्षणाखालीं अ‍ॅटक्सचा संघ पुन्हां उतरला. मन्सीस त्यानें ७१-७० असें एका गुणानें मागें टाकलें. १९ मार्च १९५५ रोजीं अंतिम सामन्यांत समोर होतें गॅरी शहराचें रूझवेल्ट हायस्कूल. तेंहि कृष्णवर्णी मुलांचें. अ‍ॅटक्सनें तो सामना ९७-७४ असा जिंकला. सर्वांस खुल्या असलेल्या संस्थानव्यापी स्पर्धेंत केवळ कृष्णवर्णी विद्यार्थ्यांच्या शाळेनें अजिंक्यपद मिळविण्याचा अमेरिकेंतील हा पहिला प्रसंग. राजधानीच्या शहरासहि तोंपर्यंत हा मान कधीं लाभला नव्हता.

विजयी संघास इंडियानापोलिसच्या मध्यवर्ती स्मारक-चौकांत मिरवीत न्यावयाचें, आणि तेथें लोकांनीं त्याचा जयजयकार करावयाचा, अशी चाल होती. अ‍ॅटक्सच्या मुलांस आगीच्या बंबावर बसविलें आणि बंब चौकांत आलाहि. पण त्यानें स्मारकास एक वळसा घातला, आणि तो तसाच पुढें कृष्णवर्णी वस्तींतील नॉर्थवेस्टर्न उद्यानाकडे वळविण्यांत आला. हें ऐन वेळीं सुचलेलें नव्हतें. चौकांत दंगाधोपा होईल या भीतीनें अधिकाऱ्यांनीं तो मार्ग आधींच ठरविला होता. उद्यानांत होळी पेटली, लोक नाचले, गाइले. सोळा वर्षांचा रॉबर्टसन मात्र तेथून लवकर निघून घरीं गेला. शहराला आपण नको आहों, हें त्यानें त्या रात्रीं ओळखलें. आणि पुढें १९६० च्या ऑलिंपिक सुवर्णपदकापर्यंत पोंचल्यावरहि हें शल्य गेलें नाहीं, असें त्यानें आपल्या आत्मवृत्तांत लिहिलें आहे.

अधिकाऱ्यांची बाजू मांडावयाची तर असें म्हणतां येईल कीं, शांतता राखणें हें त्यांचें कर्तव्यच होतें, आणि उत्सव बंद तर केला नव्हता. परंतु जी गर्दी माइलनमध्यें आनंदाची म्हणून गणली गेली तीच येथें दंग्याची म्हणून कां गणली जावी? त्या वेळीं कायदाहि मुलांच्या बाजूस होता. शाळांतील वर्णभेद इंडियानानें १९४९ सालींच रद्द केला होता, आणि देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचा सुप्रसिद्ध निकाल मे १९५४ मध्यें लागला होता. म्हणजे चौक सर्वांचा होता. केवळ तेथें थांबण्याची मुभा सर्वांस नव्हती.

महाराष्ट्रांतील वाचकाला हा फरक समजावून सांगण्याची गरज नाहीं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदेकौन्सिलांत १९२३ सालीं झाला, आणि महाडच्या नगरपालिकेनें आपलें चवदार तळें त्याप्रमाणें खुलें केलें. तरीहि तें पाणी प्रत्यक्ष ओंजळींत घेण्यासाठीं डॉ. आंबेडकरांना हजारों लोकांसह २० मार्च १९२७ रोजीं तेथें चालत जावें लागलें, आणि त्याबद्दल त्यांच्या लोकांनीं मारहि खाल्ला. अ‍ॅटक्स हायस्कूल उघडलें तेंहि त्याच सालीं.

१९५६ सालीं अ‍ॅटक्सनें एकहि सामना न हरतां अजिंक्यपद राखलें. माइलनच्या विजयावर बेतलेला 'हूझिअर्स' हा बोलपट १९८६ सालीं निघाला आणि जगभर गाजला. त्यांत प्रतिस्पर्धी संघाच्या शिक्षकाची लहानशी भूमिका खुद्द रे क्रो यांनीं केली आहे. २०१५ सालीं इंडियानापोलिसच्या प्रसिद्ध मोटारशर्यतीनिमित्त निघणाऱ्या मिरवणुकीचें अग्रस्थान १९५५ च्या संघांतील हयात खेळाडूंस देण्यांत आलें. साठ वर्षांपूर्वींच्या मुलांचे केस तोंवर पांढरे झाले होते, आणि त्यांचे कित्येक सोबती हा दिवस पाहण्यास उरले नव्हते.

शालाभिमान ही चांगली वस्तु आहे. परक्या मुलांना एकमेकांचीं करण्याचें काम ती करते, आणि मन्सीच्या प्रेक्षागृहांत तिनें तें केलेंहि. परंतु 'आमची शाळा', 'आमचीं मुलें' या शब्दांचा विस्तार केवढा, हें घोषणांवरून कळत नाहीं. शिक्षकांनीं व पालकांनीं उत्सवाची आंखणी करतांना बँड कोणता आणि पताका किती याबरोबरच मिरवणूक कोणत्या रस्त्यानें जाणार आणि कोठें थांबणार, हेंहि पाहावें. कारण मुलें तें पाहतात, आणि त्यांच्या लक्षांत राहतें.