धावत्या गाडीतला फोन : प्रश्न जुनाच, उत्तर कुणी द्यायचं?

गाडीत बोलता बोलता आवाज तुटला की आपण मोबाइल कंपनीला शिव्या घालतो. पण हा प्रश्न मोबाइल कंपन्यांपेक्षाही जुना आहे मंडळी!

जानेवारी १९६९. अमेरिकेत न्यूयॉर्क-वॉशिंग्टन मार्गावरच्या मेट्रोलायनर गाडीत बेल कंपनीने नाणी टाकून बोलायचे फोन बसवले. २२५ मैलांच्या मार्गाचे नऊ टप्पे पाडले. गाडी पुढच्या टप्प्यात शिरली की फिलाडेल्फियातला कॉम्प्युटर चालू कॉल तिकडे सोपवायचा. एका टप्प्यातली फ्रिक्वेन्सी दूरच्या टप्प्यात पुन्हा वापरायची. ही कल्पना बेल लॅबमध्ये १९४७ पासून कागदावर होती. ती धंद्यात उतरली ती खिशातल्या फोनमधून नव्हे, रेल्वेतून!

तिथे सोय होती. रूळ ठरलेले, फोन मोजके. आज एका गाडीत हजारभर फोन असतात आणि ते सगळे एकाच वेळी पुढच्या टॉवरकडे जागा मागतात. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा वेग ताशी ३२० किमी धरलाय. टॉवरची हद्द दोन किमी धरली, तर ती पार व्हायला जेमतेम २२ सेकंद. त्यात डबा धातूचा, सिग्नल आत यायलाच अडतो.

दुसरी अडचण डॉप्लरची. १८४२ मध्ये त्याने मांडलेला सिद्धांत १८४५ मध्ये हॉलंडात चक्क आगगाडीत वादक बसवून तपासला गेला. जवळ येणाऱ्या गाडीतला सूर चढा ऐकू येतो, तसंच रेडिओ लहरींचंही होतं. ३२० च्या वेगात ९०० मेगाहर्ट्झवर फरक २७० हर्ट्झच्या आसपास, पण ३५०० मेगाहर्ट्झच्या ५जी वर हजाराच्या पुढे. फ्रिक्वेन्सी जितकी वरची, तितका घोळ जास्त. युरोपातल्या रेल्वेंनी स्वतःच्या जीएसएम-आर यंत्रणेसाठी ९०० च्या आसपासचा पट्टा घेतला, तो इथेही सोयीचा पडतो.

आपल्याकडे जून २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रेल्वेला ७०० मेगाहर्ट्झ पट्ट्यातले ५ मेगाहर्ट्झ दिले. निर्णय योग्यच, कारण ड्रायव्हर आणि कंट्रोलचा संपर्क तुटणं परवडणारं नाही. पण ते गाडीच्या सुरक्षेसाठी. प्रवाशाचा फोन मात्र खासगी टॉवरच्या नफा-तोट्यावर. बोगद्यात किंवा आडरानात कुणी आजारी पडलं, तर हाक मारायची कशी?

उपाय माहीत आहेत : रुळालगत टॉवर, बोगद्यात केबल, टपावर अँटेना आणि डब्यात रिपीटर. प्रश्न खर्चाचा आणि जबाबदारीचा आहे. १९६९ मध्ये मार्ग डोळ्यांपुढे ठेवूनच फोनची आखणी झाली. नव्या मार्गांच्या टेंडरमध्येच हे आपणही लिहून घ्यायला नको का?