सनदेची उमेदवारी : अ‍ॅडिसकोंबपासून खडकवासल्यापर्यंत

सैन्यातील अधिकाऱ्याची जागा एके काळी विलायतेत उघड उघड विकत मिळत असे, हे ऐकून आज कोणालाही नवल वाटेल. पण ती लाचलुचपत नव्हती, सरकारमान्य व्यवहार होता. दरपत्रक ठरलेले असे. 1821 च्या दराप्रमाणे पायदळातील सर्वांत खालच्या अधिकारपदाला 450 पौंड पडत आणि लेफ्टनंट कर्नलच्या पदाला 4500 पौंड. ज्याचा बाप पैसा मोजील त्याने पलटण चालवावी, असा हा न्याय 1871 पर्यंत चालू होता. त्या काळी उमेदवारीच्या तयारीचा अर्थ एवढाच, की थैलीचे तोंड सैल करायचे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत असा सौदा नव्हता. तेथे संचालकाची शिफारस लागे. लंडनजवळ अ‍ॅडिसकोंब येथे कंपनीने 1809 मध्ये सैनिकी विद्यालय काढले, ते 1861 पर्यंत चालले. मुलगा आत जायचा तो वशिल्याने. पण आत गेल्यावर मात्र परीक्षेला सामोरे जावे लागे. वरचे नंबर इंजिनिअरीत, त्याखालचे तोफखान्यात, उरलेले पायदळात. मुंबई इलाख्याच्या फौजेचे कितीतरी अधिकारी याच चाळणीतून आलेले. दार वशिल्याचे, पण आतली प्रतवारी गुणांची, हा मिश्र प्रकार आम्हांला फार बोलका वाटतो. गुणांवाचून चालत नाही हे कंपनीला तोफांनी शिकविले होते. नेम चुकला तर वशिला कामाला येत नाही.

1871 मध्ये कार्डवेल या मंत्र्याने पदांची विक्री बंद केली आणि सँडहर्स्टला जाण्यासाठी स्पर्धा-परीक्षा हा राजमार्ग ठरला. आता गुणवंताचे राज्य आले, असे कोणालाही वाटावे. झाले ते निराळेच. परीक्षा आली आणि तिच्या पाठोपाठ शिकवण्यांची दुकाने आली. लंडनमध्ये निवृत्त कप्तानांनी घरे भाड्याने घेऊन श्रीमंतांच्या पोरांना प्रश्न घोकवून घेण्याचा धंदा मांडला. त्यांचे सर्वांत गाजलेले गिऱ्हाईक म्हणजे विन्स्टन चर्चिल. दोनदा नापास झाल्यावर हे चिरंजीव अशाच एका कप्तानाच्या शिकवणीत बसले आणि 1893 मध्ये तिसऱ्या खेपेस कसेबसे पास झाले. तेही पायदळापुरते नव्हे. घोडदळाला कमी गुण पुरत, कारण तेथे घोडे आणि थाटमाट पदरच्या खर्चाने ठेवावा लागे. म्हणजे गुणांची तूट पैशाने भरून निघाली! वडील त्यावर संतापले, ती गोष्ट वेगळी. हाच तरुण पुढे 1896 मध्ये मुंबई बंदरात उतरून बंगळूरच्या छावणीत गेला.

या हकिकतीतून जो प्रश्न निघतो, त्याच्याच मागे आम्ही आज जाणार आहोत. दार कोणाला उघडे आहे, हा एक प्रश्न. त्या दाराशी उभे राहण्याची तयारी कोणाला मिळते, हा दुसरा. पहिला एका हुकुमाने सुटतो. दुसरा तसा सुटत नाही, आणि आपल्या देशात तर या दोन्ही प्रश्नांनी एकमेकांचा पिच्छा पुरविला.

हिंदी माणूस सुभेदार होई, पण राजाची सनद असलेला अधिकारी होत नसे. कोवळा गोरा लेफ्टनंट आला की तीस वर्षे चाकरी केलेल्या सुभेदाराने त्याला सलाम करायचा. लॉर्ड कर्झनने 1901 मध्ये राजेरजवाड्यांच्या मुलांसाठी एक छात्रपथक काढले खरे. पण त्यातून बाहेर पडलेल्यांना गोऱ्या सैनिकांवर हुकमत नव्हती. ती शोभेची तलवार होती. पहिल्या महायुद्धात हिंदी शिपाई फ्रान्स आणि मेसोपोटेमियात पडले, तेव्हा कोठे 1917 साली सरकारने तत्त्व मान्य केले आणि 1918 पासून सँडहर्स्टमध्ये हिंदी तरुणांना वर्षाला दहा जागा दिल्या. साऱ्या हिंदुस्थानाला दहा! त्याच सुमारास इंदूरच्या डेली कॉलेजात एक तात्पुरता वर्ग निघाला. पुढे स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय सरसेनापती झालेले करिअप्पा हे 1919 साली या वर्गातून बाहेर पडले.

दहा जागांसाठी अर्ज करायचा म्हणजे काय? घराणे, वडिलांची सरकारनिष्ठा, साहेबाची शिफारस हा अर्जाचा खरा मजकूर. त्यानंतर खर्च बापाचा. अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा परक्या मुलखात, परक्या जेवणावर, परक्या विनोदांवर हसायला शिकत कवायत करणार. तेथे तो अपयशी ठरला तर घरचा पैसा गेला आणि इकडचे शिक्षणही बुडाले. हे धाडस किती मध्यमवर्गीय घरांनी करावे? कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात सँडहर्स्टहून 1926 मध्ये सनद घेऊन आले आणि पुढे लेफ्टनंट जनरल झाले. पण असे मराठी तरुण तेव्हा बोटांवर मोजण्याइतकेच.

दार उघडले तरी पोरे आत टिकत नाहीत, हे पाहून सरकारने डेहराडूनला 1922 मध्ये एक शाळा काढली. तिचे उद्घाटन त्या वेळच्या युवराजांनी 13 मार्चला केले. ज्या दौऱ्यावरील बहिष्काराने आदल्या नोव्हेंबरात मुंबई पेटली होती, त्याच दौऱ्यातला हा समारंभ. अकरा-बारा वर्षांची मुले घ्यायची आणि त्यांना इंग्रजी पब्लिक स्कुलाच्या साच्यात सहा-सात वर्षे घडवायचे, ही योजना. जनरल थिमय्या याच शाळेचे. साचा परका होता, यात शंका नाही. पण घोकंपट्टीने सहा महिन्यांत अधिकारी होत नाही, त्याची तयारी लहानपणीच व्हावी लागते, एवढे त्या योजनेने ओळखले होते. 1925 मध्ये नेमलेल्या स्कीन समितीनेही आपल्याकडच्या शाळांवर हेच बोट ठेवले: पुस्तकी शिक्षण आहे, नेतृत्वाचे नाही. या समितीत बॅरिस्टर जीना होते, प्रारंभी मोतीलाल नेहरूही होते. सँडहर्स्टच्या जागा वाढवाव्यात आणि 1933 पर्यंत हिंदुस्थानातच तसे विद्यालय उघडावे, अशी तिची शिफारस होती.

ते विद्यालय 1 ऑक्टोबर 1932 रोजी डेहराडूनला उघडले. पहिल्या तुकडीत 40 छात्र होते; काही खुल्या परीक्षेतून, काही पलटणींतील जवानांमधून, काही संस्थानी फौजांतून. डॉक्टरकी शिकायला विलायतेला पाठवा, असा हट्ट धरलेल्या अमृतसरच्या एका पारशी मुलाला वडिलांनी नकार दिला आणि त्या रागापोटी तो या परीक्षेस बसला. गुणानुक्रमे सहावा आला. तो मुलगा म्हणजे सॅम माणेकशा. दहा वर्षांपूर्वी शिफारशीच्या चिठ्ठीवाचून हे शक्य झाले असते का, याचा विचार आपणच करावा.

याच सुमारास आपल्याकडे डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनी 1937 मध्ये नाशकाला भोसला मिलिटरी स्कूल सुरू केले. डॉक्टरांचे राजकारण हिंदू महासभेचे. इटलीत मुसोलिनीच्या युवक-संघटना पाहून ते प्रभावित झाले होते, आणि त्याबद्दल आमचे मत अनुकूल नाही. परंतु परीक्षा खुली झाली म्हणून मराठी मुलगा आपोआप तिच्यात उतरत नाही, त्याला त्या वळणाची शाळा हवी, हे निदान त्यांनी अचूक केले होते.

आता दुसरे महायुद्ध. अधिकारी हवेत ते शेकड्यांनी नव्हे, हजारांनी. जुन्या पद्धतीत तीन वयस्क साहेब टेबलामागे बसत, शाळेचे नाव आणि वडिलांचा हुद्दा विचारीत, आणि आपल्यासारखा दिसणारा मुलगा निवडीत. असे निवडलेले अनेक जण प्रशिक्षणातूनच परत येऊ लागले, तेव्हा इंग्लंडात 1942 मध्ये मानसशास्त्रज्ञांना हाताशी धरून नवी निवड मंडळे बसविण्यात आली. त्यांतला एक डॉक्टर विल्फ्रेड बियाँ, जन्माने आपल्या मथुरेचा. त्याने एक साधी पण विलक्षण युक्ती काढली. आठ-दहा उमेदवारांना एक काम द्यायचे आणि त्यांत नायक नेमायचाच नाही! प्रत्येकाला स्वतः पुढे यायचे आहे, पण काम दुसऱ्यांना बरोबर घेतल्याशिवाय होत नाही. या ओढाताणीत माणूस कसा वागतो, ते बाजूला उभे राहून पाहायचे. घराणे विचारायचे कारणच उरले नाही.

ही पद्धत 1943 मध्ये आपल्याकडे आली आणि तिने येथे घर केले. आजची सैन्य निवड मंडळे पाच दिवस चालतात. अस्पष्ट चित्रे दाखवून गोष्ट लिहावयास सांगतात. साठ शब्द एकामागून एक येतात; प्रत्येकाला 15 सेकंद, मनात येईल ते वाक्य उतरवायचे. मैदानात फळ्या, दोर आणि पिंपे देऊन ओढा ओलांडायला लावतात. फळी थोडी आखूडच असते, हे सांगायला नकोच. मग मुलाखत. मानसशास्त्रज्ञ, मैदानावरचा अधिकारी आणि मुलाखत घेणारा, तिघांनी एकच मुलगा तीन बाजूंनी पाहायचा, आणि आपले मत अखेरच्या बैठकीपर्यंत एकमेकांना कळू द्यायचे नाही.

पुण्याजवळ खडकवासल्याला 6 ऑक्टोबर 1949 रोजी पंडित नेहरूंनी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची कोनशिला बसविली आणि 16 जानेवारी 1955 रोजी तिचे रीतसर उद्घाटन झाले. सुदानच्या सरकारने युद्धातील भारतीय सैनिकांच्या स्मरणार्थ दिलेला पैसा तिच्या मुख्य इमारतीस लागला, म्हणून ती 'सुदान ब्लॉक'. तेथील प्रवेशाचे आजचे गणित पाहण्यासारखे आहे. लोकसेवा आयोगाच्या लेखी परीक्षेस 900 गुण: गणिताचे 300, भाषा आणि सामान्य ज्ञानाचे 600. आणि निवड मंडळापुढेही 900. अर्धी परीक्षा कागदाची, अर्धी माणसाची. इतकी मोकळी वाट दुसऱ्या फार थोड्या जागांना असेल.

तरीही दुकाने आलीच. लेखी परीक्षेच्या शिकवण्या होत्याच. आता चित्रावर कोणती गोष्ट लिहावी, 'भीती' या शब्दावर कोणते वाक्य लिहावे, हेही पाठ करून देणारे वर्ग गावोगाव निघाले आहेत. आपल्या श्रोत्यांपैकी काहींनी मुलासाठी तेथे पैसे भरले असतील; आम्ही त्यांना दोष देत नाही. मात्र पाच दिवस आणि तीन माणसे, यांच्यापुढे पाठ केलेला स्वभाव टिकविणे कठीण. दुसऱ्या दिवशी निर्भय वाक्य लिहिणारा चौथ्या दिवशी फळीच्या टोकाशी थबकतो, तेव्हा कागद आणि माणूस यांची गाठ पडते. जो मुलगा वर्षभर गावच्या तालमीत जातो, संघात खेळतो, घरी पाहुणा आला तर नजर वर करून बोलतो आणि रोजचे वर्तमानपत्र वाचून त्यावर वाद घालतो, त्याची तयारी आम्हांला अधिक भरवशाची वाटते. वाण्याच्या दुकानात ती मिळत नाही, एवढीच तिची अडचण.

म्हणून 23 जून 1961 रोजी साताऱ्यास देशातील पहिले सैनिक स्कूल निघाले, त्याचे महत्त्व. कृष्ण मेनन तेव्हा संरक्षणमंत्री होते आणि यशवंतराव चव्हाण महाराष्ट्राचे मुख्यमंत्री. अधिकारीवर्गात काही प्रांत आणि काही थरच भरून राहतात, हा तोल सुधारावा, हा हेतू. पुढे 1977 मध्ये राज्य सरकारने औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, दहावीनंतरच्या मुलांसाठी सैनिकी सेवापूर्व शिक्षणसंस्था काढली. हीसुद्धा शिकवणीच की, असे कोणी म्हणेल. फरक आहे तो असा, की येथे मुलगा दोन वर्षे राहतो, आणि ऊसतोडणी करणाऱ्या बापालाही ती परवडावी असा हेतू आहे. दुष्काळी तालुक्यात ही बातमी वेळेवर पोहोचते का, हा मात्र उरलेला प्रश्न. अर्जाची मुदत गेल्यावर कळलेली संधी आणि न मिळालेली संधी यांत अंतर ते काय?

एक अर्धा भाग या साऱ्या इतिहासाबाहेरच राहिला होता. खडकवासल्याचा दरवाजा मुलींना बंदच होता. 18 ऑगस्ट 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन मुलींना परीक्षेस बसू द्यावे असे सांगितले. परीक्षा 14 नोव्हेंबरला होती. तीन महिन्यांहूनही कमी अवधी! मुलांच्या पाठीशी डेहराडूनची शंभर वर्षे आणि साताऱ्याची साठ वर्षे होती. सैनिक स्कुलांची दारे मुलींना नुकती कोठे उघडली होती आणि आत गेलेल्या मुली अजून शाळेतच शिकत होत्या. तरीही हजारो मुलींनी अर्ज भरले. 2022 च्या उन्हाळ्यात त्यांतल्या 19 जणी प्रबोधिनीत दाखल झाल्या, आणि 30 मे 2025 रोजी, तीन वर्षे पुरी करून, 17 जणी मुलांच्या बरोबरीने त्याच संचलन-मैदानावरून बाहेर पडल्या.