बांधापलीकडचा शेजारी

खेड्यात शेजारधर्माची कसोटी बांधावर लागते. एकाने बांध कोरला किंवा आपल्या शेतातील पाणी दुसऱ्याच्या पिकात सोडले, तर दाद कोणाकडे मागावयाची हे कोणाही कुणब्यास शिकवावे लागत नाही. परंतु ज्याच्या कृत्याने आपल्या घरावर संकट आले तो सात समुद्रांपलीकडे राहत असेल, तर त्यास शेजारी म्हणावयाचे किंवा नाही? हा प्रश्न पेरू देशातील एका शेतकऱ्याने जर्मनीच्या न्यायासनापुढे नेला. त्या दाव्याची हकीकत मननीय आहे.

पेरूमधील ह्वाराझ हे नगर अँडीज पर्वताच्या कुशीत वसले आहे. त्याच्या माथ्यावर, साडेचार हजार मीटरांहून अधिक उंचीवर, हिमनदीच्या पायथ्याशी पाल्काकोचा नावाचे सरोवर आहे. १३ डिसेंबर १९४१ रोजी त्याचा नैसर्गिक बांध फुटला आणि पाणी, चिखल व शिळा यांच्या लोंढ्याने नगराचा सुमारे तिसरा हिस्सा धुऊन नेला. मृतांची संख्या कोणी अठराशे तर कोणी पाच हजार सांगतात. त्या प्रलयानंतर सरोवरात जेमतेम पाच लाख घनमीटर पाणी उरले होते; हिमनदी वितळून मागे हटत गेली, तसतसे ते वाढून २००९ साली सुमारे एक कोटी सत्तर लाख घनमीटर झाले.

सॉल लुसियानो लिउया हा येथील शेतकरी व गिर्यारोहकांचा वाटाड्या. बर्फ मागे सरत असलेले तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहत आला होता. २०१५ साली त्याने जर्मनीतील आर. डब्ल्यू. ई. या विजेच्या बलाढ्य कंपनीवर एसेन येथे दावा लावला. औद्योगिक युगाच्या आरंभापासून जगात सोडल्या गेलेल्या कर्बवायूपैकी सुमारे ०.४७ टक्के या कंपनीचा, असा एका अभ्यासाचा हिशेब होता. तेव्हा सरोवराच्या बंदोबस्ताच्या खर्चापैकी तेवढाच हिस्सा, म्हणजे सुमारे सतरा हजार युरो, कंपनीने द्यावा, एवढेच त्याचे मागणे होते.

दाव्याचा आधार कोणता? १९०० सालापासून अमलात असलेल्या जर्मन दिवाणी संहितेचे १००४ वे कलम. दुसऱ्याच्या मालमत्तेस उपद्रव देणाऱ्याने तो दूर करावा, असा त्याचा आशय. म्हणजे आपल्या बांधावरचाच न्याय! कंपनीच्या बाजूने आक्षेप असा की, कर्बवायू सोडणारे जगात असंख्य असता एकट्यासच जाब का विचारावा? आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. परंतु गावाचा बंधारा घालावयाचा तर प्रत्येक घराने आपल्या वाट्याची टोपली टाकावयाची असते. शेजारी टाकीत नाही, म्हणून आपण मोकळे होत नाही. वादीने सर्व बंधारा एकाच्या डोक्यावर लादला नव्हता. त्याने एकच टोपली मागितली होती.

एसेनच्या न्यायालयाने २०१६ साली दावा फेटाळला. पुढील वर्षी हाम येथील वरिष्ठ न्यायालयाने मात्र तो पुराव्यास योग्य ठरविला, आणि २०२२ साली न्यायाधीश व तज्ज्ञ स्वतः पेरूस जाऊन स्थळ पाहून आले. अखेर २८ मे २०२५ रोजी निकाल लागला. वादीच्या घरापर्यंत पूर येण्याचा संभव येत्या तीस वर्षांत सुमारे एक टक्काच आहे, सबब दावा नामंजूर. तथापि त्याच निकालात न्यायालयाने असे सांगितले की, कर्बवायू सोडणारे मोठे उत्पादक त्याच्या परिणामांबद्दल तत्त्वतः जबाबदार ठरू शकतात. आणि वादी व प्रतिवादी यांच्यामधील अंतर हे त्या जबाबदारीतून सुटण्याचे कारण नव्हे.

शेतकरी हरला, हे खरे. दहा वर्षे झगडून त्याच्या पदरी एक युरोही पडला नाही, आणि निकालाच्या कागदाने सरोवराचे पाणीही उतरले नाही. १९४१ ची आठवण जपणाऱ्या नगरास एक टक्क्याचे सांत्वन किती पुरेल, हे ज्याचे त्याने ठरवावे. परंतु कायद्याच्या इतिहासात हरलेल्या दाव्यांनीही वाटा पाडल्या आहेत. शेजारी म्हणजे ज्याच्या धुराड्याचा धूर आपणास दिसतो तोच नव्हे, ज्याच्या धुराचा परिणाम आपणास भोगावा लागतो तोही होय, हे एका न्यायासनाने लिहून ठेविले आहे. पुढचा वादी कोणत्याही देशाचा असो, त्यास आता हा बांध नव्याने घालावा लागणार नाही.