वर्गातला मासा सुट्टीत का मरतो?

वर्गात पाळलेला मासा उपाशी राहून क्वचितच मरतो. बहुतेक वेळा त्याचा जीव पाण्यामुळे जातो, आणि तेही दिसायला अगदी नितळ असलेल्या पाण्यामुळे.

ठाणे पूर्वेच्या कोपरीसारख्या दाट वस्तीत शाळा दोन सत्रांत भरत असेल, तर एकाच खोलीत सकाळी एक तुकडी बसते, दुपारी दुसरी. दोघीही माशाला दाणे टाकतात आणि एकीला दुसरीचा पत्ता नसतो. उरलेले दाणे तळाशी कुजतात, त्यातून अमोनिया तयार होतो. मासा स्वतःही कल्ल्यांवाटे अमोनियाच बाहेर टाकतो. तो पाण्यात दिसत नाही, पण माशाचे कल्ले जाळतो. पाणी जितकं गरम, तितका त्याचा घातकपणा जास्त.

यावर निसर्गाचा तोडगा आहे जिवाणूंचा. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट मात्र बऱ्यापैकी निरुपद्रवी असतं. हे जिवाणू मुख्यतः फिल्टरच्या स्पंजवर आणि तळाच्या खड्यांवर चिकटून राहतात. नव्या टाकीत त्यांची वसाहत जमायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात.

म्हणूनच ‘स्वच्छता मोहीम’ घातक ठरते. उत्साही मुलं टाकी पूर्ण रिकामी करतात, खडे आणि स्पंज नळाखाली खळखळून धुतात, ताजं पाणी भरतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उरलेसुरले जिवाणू मारतं, माशाच्या कल्ल्यांनाही इजा करतं. योग्य रीत कमी कष्टाची आहे: आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं, नवं पाणी आदल्या दिवशी बादलीत उघडं ठेवायचं किंवा त्यात दुकानात मिळणारे अँटिक्लोरिनचे थेंब घालायचे. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा.

आणखी एक अडचण खास शाळेची. संध्याकाळी मेन स्विच बंद होतो आणि त्याबरोबर फिल्टरही. शनिवार-रविवार तो बंद राहिला तर प्राणवायूअभावी स्पंजवरचे जिवाणू मरू लागतात. वर्गातल्या टाकीसाठी वेगळा प्लग चालू ठेवण्याची परवानगी मासा आणण्याआधीच घेतलेली बरी.

मासा कोणता? गोल्डफिश सगळ्यांना आवडतो, पण तो वाढतो, घाणही फार करतो. काचेच्या गोल भांड्यात त्याला ठेवणं क्रूरपणाच. २ फूट लांब, १ फूट रुंद आणि १ फूट उंच टाकीत सुमारे ५० लिटर पाणी मावतं. त्यात थोडे गप्पी सुखाने राहतात. (या नावाचा गप्पांशी संबंध नाही; ते त्रिनिदादच्या रॉबर्ट जॉन लेचमेर गप्पी यांच्यावरून पडलं.) फायटर मासा पृष्ठभागावर येऊन थेट हवेतून श्वास घेऊ शकतो, म्हणून दुकानातल्या छोट्याशा बरणीतही तग धरतो. तग धरणं म्हणजे बरं असणं नव्हे. त्यालाही २० लिटर तरी पाणी हवं, आणि दोन नर कधीच एकत्र नकोत.

धडधाकट मोठा मासा चार-पाच दिवस न खाता राहतो. दिवाळीची सुट्टी त्याहून मोठी, मे महिन्याची तर सहा आठवड्यांच्या आसपास. त्या काळात मासा कुणाच्या तरी घरीच न्यायला हवा: झाकणाच्या बादलीत, टाकीतल्याच पाण्यासह, आणि फिल्टरचा स्पंज ओला ठेवून.

घर मिळालं नाही तर तो मासुंदा तलावात सोडू नये. १९५२ साली भारतात आणलेला आफ्रिकी तिलापिया, म्हणजे आपला चिलापी, आज महाराष्ट्रातल्या धरणांत ठाण मांडून बसला आहे. देशी माशांचं खाणं आणि जागा त्याने बळकावली. कोपरीजवळची ठाणे खाडीही पर्याय नाही. तिच्या खारट पाण्यात गोल्डफिश तडफडून मरेल, आणि गप्पी कदाचित जगेलही, जे त्याहून वाईट. शिवाय खाडीचा मोठा भाग फ्लेमिंगो अभयारण्य असून २०२२ पासून रामसर यादीत आहे. अशा वेळी मासे विकणाऱ्या दुकानदाराला विचारावं. काही जण मासा परत घेतात, पैसे मात्र देत नाहीत.