‘वाशिम’मधली वेलांटी

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला. त्या काळी संगणकावर मराठी लिहायचे तर फाँट बनवणाऱ्या प्रत्येकाचे सांकेतिक कोष्टक निराळे. एकाचा मजकूर दुसऱ्यात उघडला की पडद्यावर निरर्थक चिन्हे! वास्तविक ‘इस्की’ हे भारतीय प्रमाण १९९१ मध्ये ठरले होते. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि देवनागरीची मांडणी तिने इस्कीवरूनच घेतली. पण विंडोजमध्ये युनिकोड मराठीची सोय आली ती विंडोज २००० पासून. तोवर साठलेल्या मजकुरासाठी रूपांतराच्या आज्ञावल्या लिहाव्या लागल्या.

हे काम नुसते कोष्टक पाहून चिन्हे बदलण्याचे नव्हे. ‘वाशिम’ हाच शब्द आपण घेऊ. बहुतेक जुन्या फाँटांत तो दिसतो त्या क्रमाने साठवला जाई: व, काना, वेलांटी, श, म. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा: व, काना, श, वेलांटी, म. म्हणजे आज्ञावलीने वेलांटी उचलून ‘श’पलीकडे न्यायची. ‘स्थिती’त मात्र तिने अर्धा स आणि थ, दोन्ही ओलांडायचे. ‘वर्धा’तला रफार उलट मागे आणायचा. यात चूक झाली की गावाचे नाव बदलते, माणसाचेही. आणि जमिनीच्या कागदावर ती गंमत राहत नाही.

वर्गात ‘रिसोड’ आणि ‘मंगरूळपीर’ ही नावे दोन्ही क्रमांनी फळ्यावर लिहून घ्यावीत. एकात क्रम बदलतो, दुसऱ्यात नाही. का, ते मुले शोधतील.