कापाकापीचे चित्रपट आणि त्यांचें विडंबन

भयानक रस हा हास्यरसाचा विरोधी होय, असें आपल्या साहित्यशास्त्रकारांनीं सांगून ठेविलें आहे. आणि अनुभवही बहुधा तसाच आहे. ज्याची बोबडी वळली आहे त्याला हंसूं येत नाहीं, आणि जो पोट धरधरून हंसत आहे त्याला भय शिवत नाहीं. परंतु अमेरिकेंतील चित्रपटसृष्टींत गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत या दोन वैऱ्यांना एकाच घरांत नांदविणारा चित्रपटांचा एक वर्ग निर्माण झाला. त्याचा इतिहास आज थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे. विषय थिल्लर आहे असें कांहीं वडीलधाऱ्या मंडळींना वाटेल. परंतु घरोघरचीं तरुण मुलें हे चित्रपट आवडीनें पाहतात. आणि मुलें जें पाहतात त्याचा विचार शिक्षकानें करूं नये, तर कोणीं करावा?

प्रथम ज्याचें विडंबन झालें त्या मूळ वस्तूची ओळख करून घेतली पाहिजे. इंग्रजींत ज्यांना 'स्लॅशर' म्हणतात त्यांना आपण कापाकापीचे चित्रपट म्हणूं. यांत भूतपिशाच्च असेलच असें नाहीं. असतो तो एक मुखवटा घातलेला खुनी, आणि त्याच्या हातीं बंदूक नसून सुरी, कुऱ्हाड असलें जवळून वार करण्याचें हत्यार. त्याच्या तडाख्यांत सांपडतात चार-सहा तरुण मुलें-मुली, तींही गांवापासून दूर, तळ्याकांठच्या छावणींत किंवा आईबाप परगांवीं गेलेल्या घरांत. टेलिफोन बंद पडतो, मोटार सुरू होत नाहीं, पोलिसांना गोष्ट खरी वाटत नाहीं, आणि मंडळी एकेकटीं अंधारांत जाऊन मरतात.

या जातीचा पूर्वज म्हणजे आल्फ्रेड हिचकॉकचा इ. स. १९६० चा 'सायको'. जिला प्रेक्षक नायिका समजत होते त्या जॅनेट लीचा खून त्यानें चित्रपट अर्धाही झाला नसतांना दाखविला. तिचीच मुलगी जेमी ली कर्टिस ही अठरा वर्षांनंतर, म्हणजे १९७८ सालीं, जॉन कार्पेंटरच्या 'हॅलोवीन' या चित्रपटाची नायिका झाली. त्यांतील खुन्याचा मुखवटा मुद्दाम घडविलेलाही नव्हता. 'स्टार ट्रेक' मालिकेंतील कॅप्टन कर्कच्या चेहऱ्याचा तयार मुखवटा बाजारांतून आणून त्याला पांढरा रंग फांसला होता. खर्च झाला सुमारें सव्वातीन लाख डॉलर. आणि एकट्या अमेरिकेंत मिळकत झाली साडेचार कोटींच्या वर. १९८० सालीं 'फ्रायडे द थर्टीन्थ' आला, त्याचीही हीच कथा. भांडवल थोडें, नामांकित नटांची गरज नाहीं, आणि नफा अफाट. मग काय विचारतां! दोन-तीन वर्षांत असल्या चित्रपटांचा पूर लोटला, आणि घाईनें काढलेल्या मालाला जें होतें तेंच झालें: सर्व एका सांच्याचे निघूं लागले.

या सांच्यांत एक विचित्र नीतिशास्त्रही दडलेलें होतें. जी मुलगी थट्टामस्करी करते, मद्य घेते, प्रियकराबरोबर एकांतांत जाते, ती मरणार. जी संकोची आणि सावध, ती शेवटपर्यंत उरणार. कॅलिफोर्नियांतील बर्कली विद्यापीठांत मध्ययुगीन स्कँडिनेव्हियन वाङ्मय शिकविणाऱ्या कॅरल क्लोव्हर या विदुषीनें १९८७ सालीं एक निबंध लिहून या उरलेल्या मुलीला 'फायनल गर्ल', म्हणजे अखेरची मुलगी, असें नांव दिलें, आणि तें रूढ झालें. दुसरीकडे कृष्णवर्णीय मित्र लवकर मरणार, आणि खेडवळ, दाढीवाला, फाटक्या कपड्यांचा मनुष्य दिसला कीं तो खुनी असणार, असेही संकेत ठरून गेले. प्रेक्षक नकळत हिशेब करावयास शिकला कीं अमुकानें मरावें हेंच योग्य. माझ्या मतें या चित्रपटांतील खरी विचार करण्याजोगी गोष्ट रक्त नव्हे, हा हिशेब होय.

सांचा अंगवळणीं पडला म्हणजे त्याचें विडंबन करणारा कोणी तरी निघतोच. इंग्रजी वाङ्मयांत हें पूर्वींही घडलें आहे. पडक्या वाड्यांच्या आणि गुप्त भुयारांच्या भयकथांचा सुकाळ झाला, तेव्हां जेन ऑस्टिननें 'नॉर्दँगर ॲबी' ही कादंबरी लिहिली. ती तिच्या मृत्यूनंतर १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. तींतील कॅथरिनला रात्रीं जुन्या कपाटांत एक कागदांची गुंडाळी सांपडते. भयानें तिला झोंप येत नाहीं. आणि सकाळीं पाहते तों धोब्याच्या हिशेबाची यादी! कापाकापीच्या चित्रपटांना असा विडंबनकार फार लवकर भेटला. १९८१ सालीं मिकी रोज या लेखक-दिग्दर्शकाचा 'स्टूडंट बॉडीज' आला. त्यांत प्रत्येक खुनानंतर पडद्यावर मृतांचा आंकडा झळकतो. दार उघडें राहिलें कीं तशी सूचनाही पडद्यावर लिहून येते. खुनी टेलिफोनवर धापा टाकतो, आणि कागद अडकविण्याच्या टांचणीनें व वांग्यानें माणसें मारतो. गंमत अशी कीं, 'फ्रायडे द थर्टीन्थ' ज्या पॅरामाउंट कंपनीनें अमेरिकेंत वितरित केला, तिनेंच हें त्याचें विडंबनही वितरित केलें. व्यापाऱ्याला दोन्ही माल सारखेच!

पुढच्याच वर्षीं 'द स्लंबर पार्टी मॅसकर' निघाला. याची संहिता रीटा मे ब्राउन या स्त्रीस्वातंत्र्यवादी कादंबरीकर्तीनें विडंबन म्हणून लिहिली होती, आणि दिग्दर्शनही एमी जोन्स या स्त्रीनेंच केलें. परंतु तो काढण्यांत आला बहुतांशीं गंभीर भयपट म्हणून. तरीही थट्टेचे कांहीं अवशेष त्यांत राहून गेले. दाराशीं मरून पडलेल्या पोऱ्याजवळचा पिझ्झा एक मुलगी भूक लागली म्हणून खाऊं लागते, तो प्रसंग त्यांपैकींच होय. या काळच्या विडंबनाची मर्यादा इतकीच कीं, तें सांच्याकडे बोट दाखवून हंसे. सांच्याच्या आंत शिरत नसे.

तें काम १९९६ सालच्या 'स्क्रीम'नें केलें. त्याचा दिग्दर्शक वेस क्रेव्हन हा चित्रपटांत शिरण्यापूर्वीं महाविद्यालयांत अध्यापक होता, आणि स्वतः अनेक भयपटांचा कर्ता होता. केव्हिन विल्यमसन या तरुण लेखकाच्या संहितेंत नवी कल्पना ही होती कीं, यांतील मुलांनीं पूर्वींचे सर्व भयपट पाहिलेले आहेत. आरंभींच एका एकट्या मुलीला टेलिफोन येतो. बोलणारा तिची परीक्षा घेतो: 'फ्रायडे द थर्टीन्थ'मधील खुनी कोण? ती ताबडतोब सांगते, जेसन. उत्तर चुकतें, कारण पहिल्या चित्रपटांत खून करणारी जेसनची आई असते, जेसन पुढच्या भागांत येतो. परीक्षेंत नापास झाल्यामुळें जीव जावा, ही कल्पना आम्हां मास्तरांच्याही डोक्यांत कधीं आली नव्हती! या मुलीचें काम ड्रू बॅरीमोर या विख्यात नटीनें केलें होतें. आणि 'सायको'ची आठवण देत तीच पहिल्या प्रसंगांत मरते.

पुढें रँडी नांवाचा एक मुलगा जिवंत राहण्याचे नियम सांगतो: प्रणय करूं नये, मद्य घेऊं नये, आणि "आलोंच हं" असें म्हणून खोलीबाहेर जाऊं नये. हाच रँडी 'हॅलोवीन' पाहतांना पडद्यावरील जेमीला, मागें बघ, मागें बघ, असें ओरडून सांगत असतो, आणि खुनी त्याच्याच मागें उभा असतो! नायिका सिडनी म्हणते कीं, असल्या चित्रपटांतील मुली बाहेर पळण्याऐवजीं जिना चढतात, हा मूर्खपणा होय. थोड्याच वेळांत तिच्यावर हल्ला होतो, दाराची सांखळी निघत नाहीं, आणि तिलाही जिनाच चढावा लागतो. येथें प्रेक्षक हंसतो आणि त्याच क्षणीं दचकतो. दुसऱ्याची फजिती पाहून शहाणपण शिकविणें सोपें. वेळ आली म्हणजे पाय कोठें नेतील तें सांगतां येत नाहीं, हें यांत फार चांगलें दाखविलें आहे. या चित्रपटास कॅलिफोर्नियांतील सांता रोझा येथील शाळाधिकाऱ्यांनीं हिंसेमुळें आपल्या शाळेंत चित्रण करूं दिलें नाहीं, तेव्हां निर्मात्यांनीं अखेरच्या श्रेयनामावलींत 'यांचे मुळींच आभार नाहींत' असें छापून सूड उगविला. चित्रपटानें जगभर सतरा कोटी डॉलरांवर उत्पन्न केलें.

यशाचें अनुकरण अटळ असतें. २००० सालीं वेयन्स बंधूंनीं 'स्क्रीम'चेंच विडंबन केलें. त्याचें नांव 'स्केअरी मूव्ही'. आणि हेंच 'स्क्रीम'चें आधीं ठरलेलें नांव होतें. त्यांतील पुष्कळसा विनोद ग्राम्य आहे, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. परंतु हे बंधू स्वतः कृष्णवर्णीय. वर सांगितलेला संकेत त्यांनीं भोगलेला. १९९७ च्या 'स्क्रीम २'मध्यें एक कृष्णवर्णीय तरुणी भयपटांत आमच्या लोकांना स्थान नसतें अशी तक्रार करते, आणि ती व तिचा मित्र हेच पहिले बळी ठरतात. दोष ओळखला, पण तोच पुन्हां केला! वेयन्स बंधूंनीं त्या प्रसंगाची रेवडी उडविली. त्यांच्या चित्रपटगृहांत सारखी बडबड करणाऱ्या मुलीला खुनी नव्हे, तर वैतागलेले प्रेक्षकच भोंसकतात.

माझ्या दृष्टीनें या सर्वांत अधिक बोधप्रद चित्रपट म्हणजे अमेरिकेच्या एली क्रेगचा २०१० चा 'टकर अँड डेल व्हर्सेस ईव्हिल'. टकर व डेल हे दोघे साधे, कष्टाळू, खेडवळ मित्र. त्यांनीं रानांत एक मोडकें घर घेतलें आहे आणि तें नीट करून सुटींत राहावें एवढीच त्यांची इच्छा. शेजारीं कॉलेजचीं मुलें उतरलीं आहेत. पाण्यांत पडलेल्या एका मुलीला डेल वांचवितो; मुलांना वाटतें, त्यानें तिला पळविलें. टकर करवतीनें ओंडका कापतो तों आंतून मधमाशा उठतात. तो करवत घेऊन सैरावैरा धांवतो, आणि त्याला पाहून पळणारा मुलगा झाडाच्या फांदीवर जाऊन आदळतो व मरतो. यंत्रांत लाकडें घालणाऱ्या टकरवर दुसरा झडप घालावयास जातो आणि यंत्रांतच पडतो. बिचाऱ्या मित्रांची समजूत अशी कीं, हीं मुलें आपल्या घरीं येऊन आत्महत्या करीत आहेत! येथें खुनी कोणी नाहीं. मनुष्याचे कपडे आणि बोली पाहून त्याच्याविषयीं करून घेतलेला ग्रह, तोच खुनी. हंसतां हंसतां आपल्याही मनांतील असे ग्रह आठवून वरमावें लागतें.

ड्रू गोडार्डचा 'द कॅबिन इन द वूड्स' हा चित्रीकरणानंतर मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीच्या दिवाळखोरीमुळें अडकून २०१२ मध्यें प्रदर्शित झाला. त्यांत भुयारी कचेरींतले कारकून पांच तरुणांना औषधें देऊन, दारें बंद करून, ठरीव भूमिकांत ढकलतात. मुलें मुळांत तशीं नसतात. त्यांना तशीं केलें जातें. २०१५ च्या 'द फायनल गर्ल्स'मध्यें तर हास्याच्या पोटीं करुण रस आहे. मॅक्सची आई जुन्या एका कापाकापीच्या चित्रपटांत ठरल्याप्रमाणें मरणाऱ्या मुलीचें काम करून गेलेली नटी. तिच्या मृत्यूनंतर मॅक्स दैवयोगानें त्याच चित्रपटांत शिरते. पडद्यावर जिचें मरण पाहून लोक टाळ्या पिटीत, तिच्या ठिकाणीं मुलीला आई दिसते. आणि अखेर तीच मुलीला वांचविण्यासाठीं आपण होऊन मरण पत्करते. याच्या दोन लेखकांपैकीं जोशुआ जॉन मिलर हा, 'द एक्झॉर्सिस्ट' या १९७३ च्या भयपटांत तरुण पाद्र्याचें काम करणाऱ्या जेसन मिलरचा मुलगा. वडिलांच्या पश्चात् त्यानें ही कथा लिहिली.

मराठींत या कुळाशीं नातें सांगणारा चित्रपट म्हणजे महेश कोठारे यांचा १९९३ चा 'झपाटलेला'. मूळ प्रेरणा १९८८ च्या अमेरिकन 'चाइल्ड्स प्ले'ची. परंतु लक्ष्मीकांत बेर्डे यांचा अभिनय व रामदास पाध्ये यांची बाहुली यांनीं तात्या विंचूला घरोघरीं नेलें. तथापि तें सांच्याचें विडंबन नव्हे. भयकथेला विनोदाचें अंगडें चढविलें आहे, इतकेंच.

सारांश, विडंबनाचेही दोन प्रकार आहेत. एक मेलेल्याला हंसतो. दुसरा, अमुकानें मरावें असें ठरविणाऱ्या हिशेबाला हंसतो. पहिला मन निबर करतो, दुसरा तें जागें करतो. मुलें असला चित्रपट पाहून आलीं तर त्यांना रागें भरूं नये. आज कोण मेलें, आणि तुम्हांला त्याचें वाईट वाटलें कीं नाहीं, एवढें मात्र अवश्य विचारावें.